थंडीतली लांब धाव आणि पायातला बूट

डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे पळणाऱ्यांचा हंगाम. पाऊस थांबलेला असतो, डोंगरवाटा मोकळ्या झालेल्या असतात आणि पहाटे हवेत गारवा असतो. सडकेवरच्या मॅरेथॉनला सरावलेले अनेक जण गेल्या काही वर्षांत पायवाटांकडे वळले आहेत. सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणारी वाट असो की साताऱ्या-नाशिककडचे डोंगर, एका दमात तीस-पन्नास किलोमीटर जाणारे लोक आता विरळा राहिलेले नाहीत. त्याबरोबर आमच्या बाह्यरुग्ण विभागातही एक नवा रुग्णवर्ग दिसू लागला आहे. कुणाच्या अंगठ्याचे नख काळेनिळे पडलेले असते, कुणाच्या टाचेला फोड आलेला असतो, तर कुणाच्या दोन बोटांची बधिरता आठवडा उलटला तरी गेलेली नसते. बूट कोणता होता असे विचारले की बहुतेकांचे उत्तर किमतीपासून सुरू होते. तो पायात कसा बसतो, हे क्वचितच कुणी सांगते.

दुकानात ‘टिकाऊ बूट दाखवा’ असे म्हणताना आपल्या मनात न फाटणारा बूट असतो. लांब पल्ल्यासाठी मात्र प्रश्न थोडा बदलून विचारायला हवा. बूट किती महिने टिकेल याआधी, त्यात आपले पाऊल किती तास टिकेल? दहाव्या किलोमीटरला आरामशीर वाटणारा बूट चाळिसाव्या किलोमीटरला तसाच वाटेल असे नाही, कारण तोवर पाऊलच बदललेले असते.

आधी पाऊल, मग बूट

एका पावलात २६ हाडे असतात. धावताना प्रत्येक टाकीगणिक शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोर त्यांच्यावर येतो. पन्नास किलोमीटरच्या वाटेवर अशा पन्नास हजारांहून अधिक टाका पडतात. तासन्‌तास पळताना पायातील रक्तप्रवाह वाढतो, पेशींबाहेर द्रव साठतो, तळपायाची कमान किंचित सैलावते आणि पाऊल लांबीला व रुंदीलाही वाढते. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी दुकानात जाऊन घेतलेले माप लांब पल्ल्यासाठी फसवे ठरते. माप संध्याकाळी, उभे राहून, पळताना वापरणार तेच मोजे घालून घ्यावे. दोन्ही पायांचे घ्यावे, कारण बहुतेकांची पावले सारखी नसतात. मोठ्या पावलाचे माप धरावे.

तीन गोष्टी दुकानातच तपासता येतात. पहिली, बुटातली सुटी गादी बाहेर काढून तिच्यावर उभे राहा. करंगळीकडची किंवा अंगठ्याकडची कड गादीबाहेर सांडत असेल तर बूट अरुंद आहे. दुसरी, बूट घालून उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. काहींचे अंगठ्याशेजारचे बोट सर्वांत लांब असते, हेही लक्षात ठेवा. तिसरी, उतरत्या पट्टीवर किंवा जिन्यावरून खाली उतरून पाहा. बोटे पुढे जाऊन आदळत असतील तर तो बूट परत करा. काळे नख होते ते उतारावरच. पाऊल बुटात पुढे सरकते, नख हजारो वेळा ठोकले जाते आणि नखाखाली रक्त साकळते. बुटाच्या सर्वांत वरच्या बाजूला जे एक जादा भोक असते, त्यातून लेस ओवून छोटा फास करून बांधली तर टाच मागे घट्ट बसते आणि चवड्याला मोकळीक राहते.

थंडीत या मोकळ्या जागेला आणखी एक महत्त्व येते. गारठ्यात शरीर हाता-पायांच्या टोकांकडचा रक्तपुरवठा कमी करून आतल्या अवयवांची ऊब राखते. अशा वेळी जाड मोज्यांची दुहेरी जोडी कोंबून बूट घट्ट केला, तर उरलासुरला रक्तप्रवाहही दाबला जातो आणि पाय अधिक गार पडतात. ऊब देते ती बोटांभोवतीची कोरडी हवा. बोटे हलवता येत नसतील तर कितीही महागडा मोजा उपयोगाचा नाही.

पकड आणि झीज यांचे भांडण

सन १९३५ मध्ये इटलीच्या आल्प्समधील पुन्ता रासिका या शिखरावर सहा गिर्यारोहक खराब हवामानात अडकून मरण पावले. त्या काळी चालण्यासाठी खिळे ठोकलेले जड बूट असत. कड्यावर चढताना ते काढून पातळ तळाचे हलके बूट घालत आणि त्या बुटांत थंडीपासून फारसे संरक्षण नसे. आपले मित्र गमावलेल्या वितालेे ब्रामानी यांनी १९३७ मध्ये खोल दातांचा रबरी सोल आणला. त्यांच्याच नावावरून त्याला व्हिब्रम हे नाव पडले. सन १९५४ मध्ये के-टू शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन चमूच्या बुटांना हेच सोल होते. आजच्या ट्रेल बुटांखालचे दात त्याच कल्पनेचे वारसदार आहेत.

या दातांना ‘लग’ म्हणतात. सह्याद्रीत हिवाळ्यात वाट कोरडी असते. बेसॉल्टचा कातळ, त्यावर सुटा मुरूम आणि घसारा. इथे तीन-चार मिलिमीटरचे, एकमेकांच्या जवळ असलेले लग पुरतात. पाच-सहा मिलिमीटर किंवा त्याहून खोल, दूर दूर असलेले लग चिखलासाठी आणि मऊ बर्फासाठी असतात. कोरड्या कातळावर ते टोकांवर झिजतात आणि पायाखाली डगमगतात.

रबराच्या बाबतीत एक सौदा टाळता येत नाही. मऊ रबर ओल्या दगडाला चिकटून राहते, पण लवकर झिजते. कडक रबर पुष्कळ टिकते, पण दवाने भिजलेल्या कातळावर घसरते. म्हणून ‘वर्षानुवर्षे झिजत नाही’ ही प्रत्येक वेळी प्रशंसा नसते. पहाटे दव पडलेल्या वाटेवर एकदा घसरून मनगट मोडण्यापेक्षा सोल दोन महिने आधी झिजलेला परवडला. लग टिकवायचे असतील तर साधा उपाय आहे. ट्रेलचे बूट रोजच्या डांबरी रस्त्यावर पळायला वापरू नका.

थंडीत रबर आणखी कडक होते. सन १९८६ मध्ये चॅलेंजर अंतराळयानाच्या अपघाताची चौकशी चालू असताना भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रबरी कडीचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून, गारठलेले रबर लगेच पूर्ववत होत नाही, हे सर्वांसमोर दाखवले होते. बुटाच्या सोलचे आणि आतल्या फोमचेही असेच होते. लडाखच्या थंडीत तोच बूट पुण्यातल्यापेक्षा टणक लागतो, त्याचे कारण हे आहे.

वॉटरप्रूफ हवा की नको?

वॉटरप्रूफ बुटाच्या कापडाआड एक पातळ पडदा असतो. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान असतात, त्यामुळे पाणी आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. हे खरे, पण अर्धेच. बुटाचे तोंड उघडेच असते. ओढ्यात घोट्यापर्यंत पाय गेला की पाणी वरून आत शिरते आणि मग तोच पडदा ते आत धरून ठेवतो. शिवाय भरधाव पळताना निघणारा घाम पडद्यातून पुरेसा बाहेर पडत नाही. ओल्या कातडीचे घर्षण वाढते, ती मऊ पडते आणि फोड येतात.

आपल्या सह्याद्रीत पहाटे कडाक्याची थंडी असली तरी दहा वाजेपर्यंत ऊन तापते. इथे जाळीदार, पाणी भरले तरी निथळून जाणारा बूट चांगला. मोजे सुती नसावेत, कारण सूत पाणी धरून ठेवते. मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घ्यावेत आणि लांब पल्ल्यात एक कोरडी जोडी पाठीवरच्या पिशवीत ठेवावी. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेते. त्यामुळे ओला मोजा बदलणे हा थंडीतला सर्वांत स्वस्त उपचार आहे.

बर्फावरची गोष्ट वेगळी

महाराष्ट्रातून लडाखला पळायला जाणाऱ्यांना वेगळा विचार करावा लागतो. सप्टेंबरमध्ये होणारी ७२ किलोमीटरची खारदुंग ला चॅलेंज रात्रीच्या काळोखात सुरू होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये पँगाँगच्या गोठलेल्या तलावावर, १३,८०० फुटांहून अधिक उंचीवर, अर्धमॅरेथॉन झाली होती. कोरड्या, भुसभुशीत बर्फात पडदा असलेला बूट उपयोगी पडतो. घोट्याभोवती बर्फ आत न जाऊ देणारे गेटर बांधावेत. टणक, चकचकीत बर्फावर मात्र रबराचा कोणताही दात चालत नाही. तिथे बुटावर चढवायचे बारीक पोलादी काटे किंवा सोलमध्येच धातूचे टोक असलेले बूट लागतात. हे काटे घालून पाहूनच बूट घ्यावा. काट्यांचा रबरी पट्टा अरुंद बुटावर बोटे दाबतो.

उंचावर बोट पांढुरके, मेणासारखे, कडक आणि बधिर झाले तर तो हिमदंश समजावा. ते चोळू नये, बर्फाने तर मुळीच नाही. शेकोटीजवळ धरू नये, कारण बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. निवाऱ्यात पोहोचल्यावर, बोट पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तरच, ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात बुडवावे आणि डॉक्टरांकडे जावे. वितळून पुन्हा गोठलेल्या बोटाचे नुकसान कितीतरी जास्त असते.

बूट संपला, हे कसे ओळखावे?

वरून धडधाकट दिसणारा बूट आतून संपलेला असू शकतो. टाचेखालच्या फोममध्ये हवेचे सूक्ष्म फुगे असतात. लाखो टाकांनंतर ते चेपतात आणि धक्का शोषण्याची ताकद जाते. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर ही बुटाची वयोमर्यादा मानली जाते. वजनदार धावक आणि खडकाळ वाट असेल तर ती आणखी कमी. बूट सपाट टेबलावर ठेवा. तो एका बाजूला कलत असेल, फोमच्या कडेला खोल सुरकुत्या असतील किंवा कारण नसताना नडगी आणि गुडघा दुखू लागला असेल, तर बूट बदलण्याची वेळ झाली. शर्यतीसाठी नवा बूट आयत्या वेळी काढू नका. आधी त्यात पन्नासेक किलोमीटर पळून घ्या. टाच आणि चवडा यांच्या उंचीत फार फरक असलेल्या बुटावरून एकदम सपाट बुटावर गेलात तर पोटरी आणि टाचेमागचा स्नायुबंध दुखावतो. हा बदल काही आठवड्यांत विभागून करावा.

वापर नसला तरीही बुटाचे वय वाढते. माळ्यावर चार-पाच वर्षे पडून असलेल्या ट्रेकिंग बुटाचा सोल गडाच्या मध्यावरच निघून हातात आल्याचा अनुभव अनेकांनी घेतला असेल. पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विरघळल्यासारखा भुगा होतो. कोकणच्या दमट हवेत हे आणखी लवकर घडते. म्हणून सवलतीत मिळणारा जुना साठा पाहून घ्यावा. ओला बूट हीटरसमोर, चुलीपाशी किंवा गाडीच्या तापलेल्या टपावर वाळवू नये, त्याने गोंद सुटतो. आतली गादी काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाऱ्यावर ठेवावा.

कुणी आधी डॉक्टरांना भेटावे?

मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झालेल्या व्यक्तीला बुटातला खडा टोचतच नाही. पंधरा किलोमीटरनंतर मोजा रक्ताने भिजलेला दिसतो तेव्हा जखम झालेली असते. थंडीत अशी जखम उशिरा भरते, चिघळते आणि काही वेळा बोट गमावण्यापर्यंत प्रकरण जाते. मधुमेह असणाऱ्यांनी पळू नये असे नाही. मात्र लांब पल्ल्याआधी नायलॉनच्या धाग्याने होणारी पायाच्या संवेदनेची तपासणी करून घ्यावी. ती काही मिनिटांची, वेदना नसलेली तपासणी आहे. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवण्याची आणि धाव संपल्यावर तळपाय आरशात पाहण्याची सवय ठेवावी.

विडी, सिगारेट किंवा तंबाखूचे व्यसन असलेल्यांच्या रक्तवाहिन्या थंडीत अधिक आकसतात. गारठ्यात बोटे पांढरी-निळी पडत असतील किंवा रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटाचे औषध चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

काळ्या नखाची बहुधा काळजी नको. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते, त्यामुळे ते पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते. मात्र ठणका असह्य असेल तर दोन दिवसांच्या आत दाखवा. नखाबरोबर पुढे न सरकणारा काळा पट्टाही दाखवायला हवा, कारण तो क्वचित कर्करोगाचा असू शकतो. फोडावरची कातडी ओरबाडून काढू नका. पळताना कुठे चुरचुर वाटली तर थांबून तिथे चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणत ढकललेले ते पाच किलोमीटर पुढे दोन आठवडे घरी बसवतात.

पंधरा हजारांचा बूट परवडत नसेल तर त्यात कमीपणा काही नाही. भरतीच्या तयारीला पहाटे मुरमाच्या मैदानावर पळणारी मुले साध्या बुटांतच घाम गाळतात. पावलाच्या मापाचा, पुढे मोकळा आणि टाचेला घट्ट असा साधा बूट हा घट्ट बसणाऱ्या महागड्या बुटापेक्षा कधीही चांगला. पैसे वाचवायचेच असतील तर वरच्या नक्षीत वाचवा, मापात वाचवू नका.