गोष्टींच्या खेळासाठी वस्तू कोणती निवडाल?

सुट्टीत मुलांच्या हातून मोबाइल सुटत नाही, ही बहुतेक घरांतली तक्रार. अशा वेळी घरच्या घरी खेळता येईल असा एक खेळ मी वर्गात घेत असते. इतिहासातली एक खरी वस्तू निवडायची आणि आठवडाभर तिची माहिती शोधायची. मग चौघांनी गोल करून बसायचे. एक ती वस्तू घडवणारा कारागीर, दुसरा तिला दूर नेणारा, तिसरी ती वापरणारी, आणि चौथा आज ती सांभाळणारा संग्रहालयातला माणूस. प्रत्येकाने आपल्या तोंडून कहाणीचा एक तुकडा सांगायचा. साहित्य काही लागत नाही. खेळ रंगणार की फसणार, हे वस्तूच्या निवडीवर ठरते.

मुलांचा पहिला हात तलवारीवर जातो, दुसरा मुकुटावर. त्यात त्यांचा दोष नाही. धड्यात त्यांना मुसलमान भेटतो तो बहुधा सुलतान किंवा सरदार म्हणून, लढाईच्या पानावर. पण तलवारीची कहाणी लवकर संपते. कोण जिंकला, कोण हरला, एवढेच. रंगरेज, खलाशी, सोनार, शिंपी यांना तिच्यात जागा नसते. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज मात्र अशाच लोकांतले असणार. म्हणून वस्तू निवडताना मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगा.

पहिला प्रश्न, ही वस्तू किती दूर पोहोचली? लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सोन्याचे एक नाणे आहे. आठव्या शतकात आजच्या इंग्लंडमधील मर्सियाचा राजा होता ऑफा, त्याचे हे नाणे. ते बगदादच्या अब्बासी खलिफाच्या दिनारची नक्कल आहे. त्यावर अरबी मजकूर आहे, हिजरी सन १५७ आहे आणि मधोमध लॅटिन अक्षरांत राजाचे नाव आहे. गंमत अशी, की अरबी ओळी सरळ धरल्या तर राजाचे नाव उलटे दिसते! ठसा कोरणाऱ्याला अरबी येत नसावे. मग त्याच्या हाती मूळ दिनार कोणी दिला? मुलांची चर्चा इथूनच सुरू होते.

दुसरा प्रश्न, वस्तूवर स्वतःचे काही लिहिले आहे का? जोरदार वक्त्याला आपण मराठीत ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो. ती खरी तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. तिच्या तोंडाला जबडा वासलेल्या सिंहाचा आकार आहे आणि त्या जबड्यात हत्ती दाखवला आहे. १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत ती ओतली गेली. ओतणाऱ्या उस्तादाचे नाव तोफेवरच कोरलेले आहे, मुहम्मद बिन हुसेन रूमी. पुढे १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानेही तिच्यावर लेख कोरवला. शस्त्रच घ्यायचे असेल तर असे घ्या, ज्यावर बादशहाबरोबर कारागिराचेही नाव आहे.

तिसरा प्रश्न, वापराच्या खुणा दिसतात का? जुन्या कैरोजवळच्या फुस्तात इथल्या कोरड्या मातीत सुती कापडाचे असंख्य तुकडे टिकून राहिले. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्येच असे बाराशेहून अधिक तुकडे आहेत. लाकडी ठशांनी छापलेले, निळीचा निळा आणि लाल रंग असलेले हे कापड गुजरातचे. समुद्रमार्गे ते मिसरला जाई. काही तुकडे हजारेक वर्षांपूर्वीचे आहेत. काहींवर अजून शिवण दिसते. म्हणजे कोणाच्या तरी घरात ते अंगावर किंवा अंथरुणावर होते. कोणाचे, ते कुठेही नोंदलेले नाही. माझ्या मते तिन्हींत हीच वस्तू सर्वांत चांगली. मुलींना, आईला, दादीला बोलायला तिच्यात सगळ्यांत जास्त वाव आहे.

वस्तू ठरली की वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा ‘माहीत आहे’, उजवीकडे ‘जोडले आहे’. मुलूखमैदान ओढायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले, असे सांगतात. हे उजवीकडे जाईल. उस्तादाचे नाव डावीकडे, कारण ते धातूवर कोरलेले आहे. खेळताना उजव्या बाजूला हवी तेवढी भर घाला, पण डावीकडचे मोडायचे नाही. रिवायत ऐकली की रावी कोण, हे विचारायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मोबाइलवर इतिहासाच्या नावाखाली रोज काहीबाही येत असते. ते पुढे ढकलण्याआधी ‘हे कोणत्या बाजूला लिहायचे?’ असे मुलाने विचारले, तर या खेळाचे सार्थक झाले.

ब्रिटिश म्युझियम आणि अ‍ॅशमोलियनच्या अनेक वस्तूंची चित्रे व माहिती इंटरनेटवर मोफत पाहता येते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते अशा रोजच्या वापरातल्या वस्तू भरपूर आहेत. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जरूर जा.

आणि घरात जुने पानदान, सुरई किंवा नानांची शिलाई मशीन असेल, तर तिचाही एक डाव मांडा. ती कोणी, कुठून, कधी आणली, हे मोठ्यांना आजच विचारा आणि त्यांच्या नावासकट वहीत उतरवून ठेवा. सांगणारे माणूस राहिले नाही, तर डावी बाजू कोरीच राहील.