‘गोळी बंद करून बघू का?’ : एका घरगुती प्रश्नातली संशोधन पद्धती

औषधाचा त्रास व्हायला लागला की बहुतेक घरांत हा प्रश्न निघतोच. आज तो संशोधनाच्या विद्यार्थ्याच्या नजरेनं बघूया. कारण ‘बंद करून बघणं’ हा खरं तर प्रयोगच आहे. फक्त त्यात सहभागी माणूस एकच असतो, आणि प्रयोग फसला तर किंमतही तोच मोजतो.

उदाहरण म्हणून अमिओडॅरोन घेऊ. हृदयाचे ठोके अनियमित पडतात तेव्हा हे औषध देतात. ते प्रभावी आहे, पण त्याचे दुष्परिणामही बरेच आहेत. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. त्यातलं थोडंच शरीरात मोकळं होतं, तरी तेसुद्धा रोजच्या गरजेच्या कित्येक पट भरतं. त्यामुळे थायरॉइडचं काम मंदावू शकतं किंवा उलट वाढू शकतं. शिवाय यकृत, फुप्फुसं, डोळे, त्वचा यांवर परिणाम होऊ शकतो, हात थरथरू शकतात.

आता समजा, हे औषध घेणाऱ्या एखाद्या व्यक्तीला थकवा येतोय, हात कापतायत. तिनं गोळी थांबवली आणि पंधरा दिवसांत बरं वाटलं. निष्कर्ष काय काढाल? ‘औषधामुळेच होत होतं’ असं म्हणायचा मोह होतो. पण थांबा.

अमिओडॅरोन चरबीत आणि इतर ऊतींमध्ये साठून राहतं. रक्तातली पातळी सुरुवातीला जरा भराभर उतरते, पण साठलेलं औषध बाहेर पडायला फार वेळ लागतो. हा अर्धायुकाल माणसागणिक बदलतो, बहुतेकांत तो काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असतो. हिशोबासाठी ५० दिवस धरा. मग पंधरा दिवसांनी साठ्यातलं सुमारे ८० टक्के औषध अजून शरीरातच असणार. म्हणजे बरं वाटण्याचं श्रेय औषध थांबवण्याला लगेच देता येत नाही. विश्रांती मिळाली असेल, ‘आता गोळी नाही’ या दिलाशाचा परिणाम असेल, किंवा त्रास मुळातच कमी-जास्त होणारा असेल.

आता याच गणिताची दुसरी बाजू बघा, ती जास्त धोक्याची आहे. पंधरा दिवस गोळीशिवाय गेले, ठोके बिघडले नाहीत, म्हणून ‘औषधाची गरजच नव्हती’ असं वाटतं. पण औषध तर अजून आतच आहे! संरक्षण संपलेलंच नाही, मग त्याची परीक्षा झाली कशी? प्रयोगाचा कालावधी औषधाच्या चालीनुसार ठरवावा लागतो, आपल्या धीरानुसार नाही. बीटा ब्लॉकरच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. ते लवकर उतरतं, आणि अचानक थांबवलं तर हृदयाचा वेग आणि रक्तदाब उसळू शकतो.

मग ‘डॉक्टरांनी दिलंय ना, मुकाट्यानं घ्या’ हे उत्तर बरोबर का? तेही नाही. इथे कास्ट ही चाचणी माहीत हवी. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही रुग्णांत जादा ठोके पडतात, आणि अशा रुग्णांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं. त्यावरून तर्क असा होता की ठोके दाबले तर जीव वाचतील. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ईसीजीवर ठोके छान दाबत होती. पण १९८९ मध्ये चाचणीतला हा भाग मध्येच थांबवावा लागला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, प्लासिबो घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारला होता, माणसं मात्र जास्त गेली. मोजायला सोपी गोष्ट आणि महत्त्वाची गोष्ट एकच असेल असं नाही, हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

म्हणजे दोन्ही टोकांची उत्तरं चुकतात. खरी अडचण अशी की त्रास रोज जाणवतो, फायदा मात्र ‘न घडलेल्या घटने’च्या रूपात असतो. जे घडलंच नाही ते रुग्णाला दिसणार कसं? म्हणून आधी विचारायचं, हे औषध कशासाठी दिलंय? खालच्या कप्प्यांतून येणाऱ्या जीवघेण्या ठोक्यांसाठी असेल तर पणाला जीव लागलेला असतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये धडधड आणि दम लागणं कमी करणं हा मुख्य हेतू असेल तर तराजू वेगळा. २००२ च्या अफर्म चाचणीत ४,०६० रुग्ण होते. ठोक्यांची लय टिकवणं आणि फक्त वेग आवरणं या दोन धोरणांत लय टिकवल्यानं जगण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. अशा वेळी पर्यायांची चर्चा रास्त ठरते. पण रक्त पातळ ठेवणारी गोळी हा वेगळा प्रश्न आहे. ती पक्षाघात टाळण्यासाठी असते, लय सुधारली म्हणून आपसूक बंद होत नाही. वॉरफरिन चालू असेल तर अमिओडॅरोन थांबवल्यावर त्याचा डोस पुढचे काही महिने पुन्हा तपासत राहावा लागतो.

तर मग नीट प्रयोग कसा असेल? आधी नोंद: त्रास कधी सुरू झाला, डोस कधी बदलला, सोबत कोणती नवी औषधं. मग तपासण्या: थायरॉइड, यकृत, ईसीजी, गरज पडल्यास छातीचा एक्स-रे. थकवा थायरॉइडमुळे असेल तर त्यावर वेगळा उपाय असतो. मग डॉक्टरांसमोर तीन प्रश्न: डोस कमी करता येईल का, दुसरा पर्याय काय, आणि थांबवलं तर काय आणि किती दिवस पाहायचं? नवा खोकला, धाप किंवा नजरेत बदल असेल तर मात्र नोंदवही भरत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि स्वतःच्या मनानं गोळी थांबवू नका.

आपल्याकडे औषधांचे दुष्परिणाम नोंदवायला २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचं समन्वय केंद्र गाझियाबादला आहे आणि तिथे रुग्णही तक्रार नोंदवू शकतात. त्या नोंदीत हमखास विचारलं जातं: औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला का?

आता तुमच्यासाठी गृहपाठ. या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर आलं, तर ते ग्राह्य धरण्याआधी तुम्ही आणखी कोणती माहिती मागाल? निदान चार गोष्टी लिहा. पहिली मी सांगून टाकते: किती दिवसांनी?