दोन सेकंदांत सहा कोटी वर्षं

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला निळा रंग लाजवर्दाचा. हा खडा येई अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. सरळ रेषेत मोजलं तरी अंतर सुमारे १८०० किलोमीटर. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात तो या भिंतींवर चढला. त्याच्या स्फटिकाच्या पिंजऱ्यात गंधकाच्या तीन-तीन अणूंचे विद्युतभारित रेणू कोंडलेले असतात. ते ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश गिळतात आणि आपल्याकडे निळा परततो.

पुस्तकात हे सगळं चार-पाच आडव्या रेघांत मावतं. खालची रेघ रेणूची मूळ अवस्था, वरच्या उत्तेजित. वर जाणारा बाण म्हणजे प्रकाश शोषला, खाली येणारा सरळ बाण म्हणजे प्रकाश बाहेर पडला, नागमोडी बाण म्हणजे ऊर्जेची उष्णता झाली. पोलिश शास्त्रज्ञ अलेक्झांडर याब्लोन्स्की यांनी १९३३ साली अशी आकृती मांडली. कागदावर बाण साधारण सारखेच दिसतात. त्यांना लागणारा वेळ मात्र डोकं गरगरवतो.

शोषणाला लागतो जेमतेम एक फेमटोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या १००० लाख कोटी भागांतला एक. तो ताणून पूर्ण सेकंदाएवढा केला, असं धरू. मग ऊर्जेची उष्णता होण्याचा पिकोसेकंद होतो १७ मिनिटांचा. लगेच प्रकाश बाहेर पडण्याचा, म्हणजे प्रतिदीप्तीचा, नॅनोसेकंद साडेअकरा दिवसांचा. रेंगाळत प्रकाश बाहेर पडण्याचा, म्हणजे स्फुरदीप्तीचा, मिलिसेकंद जवळपास ३२ हजार वर्षांचा. आणि आपला साधा एक सेकंद ३ कोटी १७ लाख वर्षांचा! ज्या लाव्हारसातून अजिंठ्याचा काळा पाषाण घडला, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. या मापाने तो काळ दोन सेकंदांहून किंचितच जास्त भरतो. चित्रं काढल्यापासूनची पंधराशे वर्षं तर सेकंदाच्या २० हजाराव्या भागात मावतात.

रेणूला वरच्या रेघेवर चढवण्याचं काम प्रकाशच करू जाणे. २७ अंश सेल्सिअसला निव्वळ उष्णतेने असा एक रेणू वर पोचण्याची शक्यता ५ वर ३४ शून्यं एवढ्यांत एक.

संग्रहालयांत नाजूक वस्तूंसाठी ५० लक्स उजेडाचा दंडक आहे. एवढ्या मंद उजेडातही एक चौरस सेंटिमीटर जागेवर सेकंदाला किमान २० लाख कोटी प्रकाशकण आदळतात. नारिंगी कणाजवळ ऊर्जा असते सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कार्बन-कार्बन बंध तोडायला लागते साधारण ३.६, त्यामुळे तो बंध शाबूत राहतो. ३०० नॅनोमीटरच्या अतिनील कणाजवळ मात्र ४ हून अधिक असते. लाजवर्द खनिज म्हणून टिकाऊ आहे. पण रंग भिंतीला धरून ठेवणारं चिकटद्रव्य सेंद्रिय, कार्बनच्या बंधांचं. म्हणून लेण्यातला मंद उजेड आपण मनापासून स्वीकारायला हवा आणि फ्लॅशवरची बंदी पाळायला हवी. ५० लक्सचा उजेड निम्मा केला, तरी त्या नखाएवढ्या जागेवर दर सेकंदाला १० लाख कोटी आघात टळतात.