रिपोर्टमध्ये विषाणू नाही, तरी गोळी का सोडायची नाही?

तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी परिसरात एचआयव्हीवर बोलायला बसलो की एक प्रश्न हमखास येतो. "रिपोर्टमध्ये विषाणू सापडत नाही म्हणतात, मग गोळी आणखी किती दिवस खायची?" प्रश्न रास्त आहे. पण याच टप्प्यावर काहीजण गोळी सोडतात, म्हणून उत्तर नीट समजून घेऊ.

एचआयव्ही प्रामुख्याने सीडी-४ या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि आपला जनुकीय आराखडा पेशीच्या डीएनएमध्ये जोडतो. बहुतेक बाधित पेशी नवे विषाणू तयार करून लवकर मरतात. काही मात्र विश्रांतीत जातात. यात स्मृतिपेशी जास्त असतात. जुना रोगजंतू लक्षात ठेवून वर्षानुवर्षे टिकून राहणे हेच त्यांचे काम. त्यांच्या आत विषाणूही झोपून राहतो.

एआरटीच्या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात. जो वाढतच नाही, त्याच्यावर त्या चालत नाहीत. शरीराची संरक्षण यंत्रणाही त्याला ओळखत नाही. विश्रांतीतील दहा लाख सीडी-४ पेशींत असा जागा होऊ शकणारा विषाणू साधारण एखाद्याच पेशीत असतो. पण हा साठा निम्मा व्हायलाच साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांत विषाणू परततो. अमेरिकेतील मिसिसिपीच्या एका बालकात उपचाराविना २७ महिने तो सापडला नव्हता. २०१४ मध्ये पुन्हा सापडला.

म्हणजे 'सापडत नाही' याचा अर्थ 'संपला' असा नाही. तरीही ही बातमी मोठी आहे. गोळी नियमित घेऊन विषाणू न सापडण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला होत नाही.

सरकारी एआरटी केंद्रात २००४ पासून औषध मोफत मिळते. एचआयव्हीच्या कारणावरून नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

लैंगिक आरोग्यावर उघड लिहिणाऱ्या र. धों. कर्वे यांचा खटला बाबासाहेबांनी १९३४ मध्ये लढवला होता. मग आपण विहारात या विषयावर बोलायला का लाजावे? कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या आपल्या मित्राची गोळी लाजेपायी चुकू नये, एवढी जबाबदारी आपण तरुणांनी घेऊ या.