सोडतीच्या आकड्यांची निवड

ब्रिटनमध्ये १९९४ साली जी राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली, तीत ४९ आकड्यांतून सहा निवडावयाचे असत आणि असे षट्क १,३९,८३,८१६ प्रकारांनी सिद्ध होई. मग कोणी पत्नीची जन्मतारीख लिहो, कोणी बरेच दिवस न निघालेला, जणू दप्तरी थकबाकी राहिलेला आकडा हुडकून काढो, प्रत्येक षट्काचा हक्क तंतोतंत सारखाच, कारण यंत्रातील चेंडूंस मागील सोडतीचे स्मरण नसते. एक ते सहा हे क्रमवार आकडेही यास अपवाद नाहीत, ही गोष्ट भल्याभल्या सुशिक्षितांच्या गळी उतरत नाही.

निवडीने बदलते ती वाटेकऱ्यांची संख्या. १४ जानेवारी १९९५ रोजी ७, १७, २३, ३२, ३८ व ४२ हे आकडे निघाले आणि सुमारे एक कोटी साठ लक्ष पौंडांच्या बक्षिसावर १३३ जणांनी दावा सांगितल्यामुळे प्रत्येकाच्या पदरी सव्वा लाखाहूनही कमी रक्कम पडली. हे आकडे तिकिटाच्या मधल्या रकान्यांतले, जिकडे माणसाचा हात सहज वळतो. जन्मतारखांच्या कक्षेबाहेरचे, ३१ च्या वरचे आकडे घेतल्यास वाटेकरी घटण्याचा संभव खरा. जिंकण्याचा संभव मात्र २०१५ साली आकडे ५९ झाल्यावर साडेचार कोटींत एक इतका आकसला.