पुटिकांना वाट दाखवणारी प्रथिने

नागपुरातील धंतोली म्हणजे इस्पितळांची वस्ती. येथील दवाखान्यांत सकाळी अनशापोटी रक्त देणाऱ्यांची गर्दी असते. हाती येणाऱ्या अहवालातील साखरेच्या आकड्याची चिंता घरोघरी केली जाते; मात्र तो आकडा ज्या सूक्ष्म वाहतुकीवर अवलंबून असतो, तिची माहिती क्वचितच कोणाला असते.

स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्शुलिन तयार करून ते पटलाच्या इवल्या पिशव्यांत, म्हणजे पुटिकांत, साठवून ठेवते. एका पेशीत अशा सुमारे १० हजार पुटिका असतात. इन्शुलिन रक्तात उतरायचे तर पुटिकेने पेशीपटलापाशी येऊन त्यात विलीन व्हावे लागते. हे वाटते तितके सोपे नाही. पेशीच्या आत दाटी असते, आणि दोन पटले आपणहून एकमेकांत मिसळत नाहीत. (तशी मिसळू लागली तर पेशी टिकणारच नाही.) धंतोलीच्या गल्लीत रुग्णवाहिका इस्पितळासमोर पोहोचली, तरी दुतर्फा उभ्या मोटारींतून तिला फाटकाशी लावण्यासाठी हात दाखवणारा कोणी लागतोच. पेशीत हे काम प्रथिनांची संकुले करतात.

त्यांतील प्रमुख संकुल म्हणजे एक्झोसिस्ट. हे आठ प्रथिनांचे बनलेले असते. पुटिकेवर रॅब कुळातील एक प्रथिन असते. ते जणू तिच्यावरचा पत्ता. एक्झोसिस्टचा एक घटक हा पत्ता ओळखून पुटिकेला धरतो, तर दुसरे दोन घटक पेशीपटलातील विशिष्ट मेदरेणूंना चिकटतात. अशा रीतीने पुटिका पटलाशी दोरीने बांधल्यासारखी होते. पुढचे काम स्नेअर नावाच्या प्रथिनांचे. पुटिकेवरील एक आणि पेशीपटलावरील दोन प्रथिने एकमेकांभोवती पीळ घालतात आणि त्या पिळाच्या जोराने दोन्ही पटले भिडून एक होतात.

हा शोध यीस्टमुळे लागला, हे नमूद करण्याजोगे आहे. रँडी शेकमन आणि पीटर नोव्हिक यांनी १९८०पर्यंत अशी २३ जनुके शोधली, ज्यांत बिघाड झाला की यीस्टचा स्राव तुंबतो. एक्झोसिस्टच्या आठपैकी सहा घटकांची नावे याच जनुकांवरून पडली. शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस स्यूडॉफ यांना या विषयातील कार्यासाठी २०१३चे नोबेल मिळाले.

या कथेत मुंबईचाही वाटा आहे, तो सहसा सांगितला जात नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दिकी यांनी सिमोर बेंझर यांच्यासह १९७६ साली फळमाशीच्या अशा वाणांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला, ज्या तापमान वाढताच लुळ्या पडत. त्यांपैकी ‘कोमॅटोज’ नावाच्या वाणात नेमके काय बिघडले आहे, हे १९९५मध्ये उलगडले. काम संपल्यावर स्नेअरचा पीळ सोडवून ती प्रथिने पुन्हा वापरायोग्य करणारे प्रथिनच त्यात सदोष होते. पीळ सुटला नाही, तर पुढच्या पुटिकेसाठी प्रथिने उरत नाहीत आणि चेतांचे संदेश थांबतात.

धनुर्वाताचे विष हेच स्नेअर तोडते. मेरुरज्जूतील स्नायूंना आवर घालणारे संदेश त्यामुळे बंद होतात आणि शरीर धनुष्यासारखे ताठते. बोटुलिनम विषही स्नेअरच तोडते, पण स्नायूंकडे जाणाऱ्या चेतांच्या टोकाशी. म्हणून तेथे स्नायू सैल पडतात. चेहऱ्याचे अनैच्छिक झटके थांबवण्यासाठी चेतातज्ज्ञ तेच विष अत्यल्प मात्रेत टोचतात.

मधुमेहात मात्र विष नसते, वाहतूकच मंदावते. निरोगी माणसात रक्तातील साखर एकदम वाढली, की पटलाशी सज्ज असलेल्या थोड्याच पुटिका पहिल्या काही मिनिटांत रित्या होतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात हा पहिला लोट फार लवकर हरवतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पेशीतील पोटॅशियमची द्वारे बंद करते. त्यामुळे कॅल्शियम आत शिरते आणि पुटिकांच्या विलीनीकरणाचा इशारा मिळतो. अर्थात, स्वादुपिंडात इन्शुलिन शिल्लक असेल तरच.

रक्तातील इन्शुलिन पुढे स्नायूंच्या आणि मेदाच्या पेशींनाही पुटिका हलवायला लावते. या पुटिकांत साखर आत घेणारी ‘ग्लुट-४’ प्रथिने असतात. मेदपेशींत त्यांना पटलापर्यंत नेण्यात एक्झोसिस्टचा हात असल्याचे २००३मध्ये दिसून आले. मधुमेहात इन्शुलिनचा हा निरोप क्षीण होतो. मात्र स्नायू आकुंचन पावले, की त्या निरोपाविनाही ‘ग्लुट-४’ पटलावर येते. डॉक्टर रोज चालायला सांगतात, त्याचे एक कारण हे.