नळाच्या पोटातले अस्तर

धाराशिववरून जाणाऱ्या कुर्डुवाडी–लातूर लोहमार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाले. रूळ जागेवर जोडण्याची रेल्वेची एक पद्धत काहींनी पाहिली असेल. सांध्याभोवती साचा बसवतात, वरच्या मुशीत एक भुकटी पेटवतात आणि थोड्याच वेळात वितळलेले लोखंड साच्यात उतरते. ही भुकटी म्हणजे थर्मिट. जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतले.

लोह ऑक्साइड + ॲल्युमिनियम → लोह + ॲल्युमिनियम ऑक्साइड + उष्णता

रूळ जोडताना लोखंड तेवढे हवे असते. वर तरंगणारा ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे ॲल्युमिना, मळी म्हणून टाकून देतात. पण शुद्ध ॲल्युमिना म्हणजे कुरुंद. माणिकही त्याच जातीचे. मोह्‌स मापनात त्याचे काठिण्य ९. औष्णिक वीजकेंद्रांतील राख पाण्याबरोबर वाहून नेणारे पोलादी नळ आतून झिजतात. तिथे असेच अस्तर हवे. अडचण एवढीच, की लांब नळाच्या पोटात कुंचला किंवा फवारा नीट पोचत नाही. मग अस्तर आतच तयार केले तर?

जपानमध्ये ओसामु ओदावारा यांनी १९८० च्या दशकात नेमके हेच केले. नळात थर्मिट भरून तो स्वतःच्या अक्षाभोवती वेगाने फिरवायचा आणि भुकटी पेटवायची. तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, दोन्ही पदार्थ वितळतात. जड लोखंड भिंतीकडे सरकते, हलका ॲल्युमिना आतल्या अंगाला राहून गोठतो. (वर्गात थर्मिट पेटवण्याच्या फंदात मुळीच पडू नये. घट्ट बुचाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी व गोडेतेल घुसळून, ती दोरीला बांधून मोकळ्या मैदानात गरगर फिरवली, तरी जड-हलक्याची फारकत दिसते.)

निवताना पोलाद ॲल्युमिनापेक्षा सुमारे दीडपट आकसते. मग अस्तर फुटत कसे नाही? बैलगाडीच्या चाकावर चढवलेली तापलेली धाव आठवा. ती निवताच चाक घट्ट आवळले जाते. नळही अस्तराला तसाच आवळतो. आणि सिरॅमिक ताणाला कच्चे असले तरी दाबाला पक्के असते.

अरुंद नळीत मात्र ही युक्ती अडते. भुकटी थोडी मावते, त्या मानाने भिंत जास्त, त्यामुळे उष्णता झपाट्याने निघून जाते. वायूचे बुडबुडे सुटण्याआधीच थर गोठतो आणि सच्छिद्र राहतो. तिथे काचेच्या पुडीचे पातळ मिश्रण ओतून, निथळवून, नळी भट्टीत भाजणे बरे. एनॅमलच्या ताटल्यांची ही जुनीच रीत. हा थर कुरुंदाइतका कठीण नसतो, पण गंज रोखतो.